ब्रिटिश जेट लढाऊ विमानांचा आरंभ : साधनें, मित्या व नांवें

जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या मंडळींचें लक्ष बहुधा मोडी दफ्तरें, सनदा, महजर, शकावल्या यांजकडे असतें, आणि तें योग्यच आहे. विमानें व त्यांचीं इंजिनें यांविषयींचे कागद इतिहासाच्या साधनांत धरण्याचा प्रघात आपल्याकडे फारसा पडलेला नाहीं. तथापि ज्या घडामोडींस पाऊणशेंहून अधिक वर्षें लोटलीं, ज्यांतील कर्ते पुरुष कालवश झाले, आणि ज्यांच्याविषयीं आतां कागद व थोड्या वस्तु एवढ्याच बोलूं शकतात, त्या घडामोडी इतिहासाच्या कक्षेबाहेर ठेवण्यास कारण दिसत नाहीं. इ. स. १९३० पासून १९४८ पर्यंत इंग्लंडांत झालेला जेट लढाऊ विमानांचा उदय हा असाच विषय होय.

या विषयांत दोन गोष्टी वारंवार ऐकूं येतात. पहिली ही कीं, जेट विमान प्रथम इंग्रजांनीं काढिलें. दुसरी ही कीं, फ्रँक व्हिटल याचें मूळ पेटंट पांच पौंडांच्या फीपायीं बुडालें व त्यामुळें इंग्लंडचीं मोलाचीं वर्षें वायां गेलीं. दोन्ही गोष्टींत कांहीं सत्य आहे. पण बखरींत असतें तसें तें सत्य अतिशयोक्तीशीं मिसळलेलें आहे. मित्या नीट लावून पाहिल्या असतां काय उरतें, हें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

(१) यंत्राचें स्वरूप

पूर्वींच्या विमानांत दट्ट्यांचें इंजिन पंखा फिरवी व तो पंखा हवा मागें लोटून विमान पुढें ओढी. विमान फार उंच गेलें म्हणजे विरळ हवेमुळें इंजिनाची शक्ति उतरे. फार जलद गेलें म्हणजे पंख्याच्या पात्यांचीं टोकें ध्वनीच्या वेगाजवळ पोंचून पंख्याचें काम बिघडे. जेट इंजिनांत दट्टे नाहींत व बाहेरचा पंखाहि नाहीं. पुढून आंत घेतलेली हवा वेगानें फिरणाऱ्या चक्रानें दाबली जाते. त्या दाबलेल्या हवेंत इंधन अखंड जळत राहतें. तापून फुगलेला वायु बाहेर पडतांना टर्बाइनचें चक्र फिरवितो. तें चक्र त्याच आसावर बसविलेल्या दाबचक्रास फिरवितें. आणि उरलेला जोर झोताच्या रूपानें मागें सुटून विमानास पुढें रेटतो.

हवा दाबण्याच्या दोन रीती आहेत. एकींत चक्राच्या मध्याशीं घेतलेली हवा कडेकडे फेंकली जाते. हिला केंद्रोत्सारी म्हणूं. दुसरींत हवा आसाच्या दिशेनेंच पात्यांच्या एकामागून एक रांगांतून जाते; हिला अक्षीय म्हणूं. पहिली घडणीस सोपी व दणकट, पण तिचा घेर मोठा. दुसरी सडपातळ व पुढें अधिक फलदायी ठरलेली, पण घडणीस अवघड. व्हिटलचीं इंजिनें पहिल्या जातीचीं; जर्मनांचें युंकर्स जुमो ००४ दुसऱ्या जातीचें. इंग्लंडांतहि फार्नबरो येथें ए. ए. ग्रिफिथ व हेन कॉन्स्टंट यांनीं दुसऱ्या जातीचा पाठपुरावा केला होता हें विसरतां नये. ग्रिफिथचा टर्बाइनच्या पात्यांवरील निबंध १९२६ सालचा आहे.

(२) पेटंट व पांच पौंड

व्हिटलचा जन्म १ जून १९०७ रोजीं कॉव्हेंट्री येथें झाला. तो १९२३ सालीं ब्रिटिश विमानदलांत उमेदवार कारागीर म्हणून शिरला व १९२६ ते १९२८ पर्यंत क्रॅनवेलच्या विद्यालयांत होता. तेथें १९२८ सालीं त्यानें विमानांच्या भावी सुधारणांवर एक प्रबंध लिहिला. त्यांत अतिशय उंचीवरून अतिशय वेगानें जाण्याचा विचार आहे; पण टर्बाइनच्या झोतानेंच विमान चालवावें ही कल्पना त्यास पुढच्या वर्षीं सुचली. त्यानें ती विमानखात्यापुढें मांडली. ग्रिफिथचें मत प्रतिकूल पडलें व योजना व्यवहार्य नाहीं असें खात्यानें कळविलें. तेव्हां १६ जानेवारी १९३० रोजीं त्यानें पेटंटासाठीं अर्ज केला. त्याचा क्रमांक ३४७२०६. त्या वेळीं त्याचें वय बावीस वर्षांचें होतें.

हें पेटंट गुप्त ठेवण्याची गरज खात्यास वाटली नाहीं व तें रीतसर प्रसिद्ध झालें. जानेवारी १९३५ मध्यें नूतनीकरणाची ५ पौंड फी भरण्याची वेळ आली. खात्यानें ती भरण्याचें नाकारलें, व्हिटलला ती परवडत नव्हती, आणि पेटंट संपुष्टांत आलें. येथपर्यंतची हकीकत निर्विवाद आहे.

यापुढें आख्यायिका सुरू होते. पांच पौंड भरले असते तर युद्धापूर्वींच इंग्लंडजवळ जेट विमानें असतीं, असें अनुमान काढितात. तें टिकत नाहीं. पेटंट म्हणजे दुसऱ्यास मनाई करण्याचा हक्क. त्यानें इंजिन घडत नाहीं. १९३० ते १९३५ या पांच वर्षांत पेटंट जिवंत होतें, तरी इंजिनाचा एक भागहि तयार झाला नव्हता, कारण पैसा लावणारा कोणी मिळाला नव्हता. उलट पेटंट मेल्यावर सुमारें वर्षभरानें कंपनी उभी राहिली, व सुधारणांचीं नवीं पेटंटें व्हिटलनें घेतलीं. शिवाय तांबड्यालाल उष्णतेंत प्रचंड वेगानें फिरणारीं टर्बाइनचीं पातीं टिकवील असें पोलाद १९३७ सालींहि जेमतेम मिळत होतें. पुढें युद्धकाळांत निमॉनिक नांवाचा निकेलचा मिश्रधातु आला, तेव्हां ही अडचण बरीच सरली. ग्रिफिथच्या नकारांत दूरदृष्टि नव्हती असें म्हणतां येईल. पण तो अज्ञानाचा नकार नव्हता.

पेटंट बुडाल्यानें व्हिटलचें वैयक्तिक नुकसान झालें, व मूळ कल्पना सर्वांस मोकळी झाली, एवढेंच या प्रकरणावरून सिद्ध होतें. काळाचा खरा अपव्यय कोठें झाला तें पुढें दिसेल.

(३) पॉवर जेट्स व पहिलें उड्डाण

१९३५ सालीं व्हिटल केंब्रिजच्या पीटरहाउस विद्यालयांत शिकत असतां रोल्फ डडली-विल्यम्स व जे. सी. बी. टिंलिंग हे दोघे माजी वैमानिक त्यास भांडवल मिळवून देण्यास पुढें आले. मार्च १९३६ मध्यें पॉवर जेट्स ही कंपनी स्थापन झाली. व्हिटल विमानदलाचा नोकर असल्यानें या कामास आठवड्यास सहा तासांहून अधिक वेळ देऊं नये अशी अट घालण्यांत आली होती. ज्या यंत्रानें पुढें जगाचा प्रवास बदलला तें आरंभीं अशा फावल्या वेळाचें काम होतें!

पहिलें इंजिन रग्बी येथील ब्रिटिश थॉमसन-ह्यूस्टन कंपनीच्या कारखान्यांत १२ एप्रिल १९३७ रोजीं फिरलें. तें इतक्या वेगानें व आवरेनासें फिरूं लागलें कीं जवळचे लोक पळाले. आंत साचलेलें इंधन आपोआप जळत राहिल्यानें झडप बंद करूनहि वेग वाढत गेला होता. १९३८ सालीं काम लटरवर्थ येथें हलविलें. जून १९३९ अखेर विमानखात्याचे शास्त्रविभागप्रमुख डी. आर. पाय यांनीं इंजिन फिरतांना पाहिलें व त्यांचें मत पालटलें. मग उड्डाणयोग्य इंजिनाची मागणी झाली, आणि ३ फेब्रुवारी १९४० रोजीं ग्लॉस्टर कंपनीस विमानाचें कंत्राट मिळालें. त्याचा आराखडा जॉर्ज कार्टर यानें केला.

हें विमान ई. २८/३९. ८ एप्रिल १९४१ रोजीं ब्रॉकवर्थच्या मैदानावर धांवण्याची परीक्षा चालू असतां तें जमिनीवरून थोडेंसें उचललें गेलें; पण त्या उड्या होत, उड्डाण नव्हे. खरें उड्डाण १५ मे १९४१ रोजीं सायंकाळीं क्रॅनवेल येथें झालें. वैमानिक पी. ई. जी. सेयर, काल १७ मिनिटें, इंजिन डब्ल्यू. १, त्याचा रेटा ८६० पौंडांचा. ज्या क्रॅनवेलला व्हिटलनें विद्यार्थिदशेंत आपला प्रबंध लिहिला, तेथेंच तेरा वर्षांनीं त्याचें इंजिन आकाशांत गेलें.

या विमानास लढाऊ म्हणावें काय? आराखड्यांत चार बंदुकांची सोय सांगितली होती. पण त्या कधीं बसविल्या नाहींत. तेव्हां तें प्रयोगविमान होय. त्याच्या दोन प्रती झाल्या. दुसरी ३० जुलै १९४३ रोजीं पंखावरील सुकाणूं अडकल्यानें नष्ट झाली. वैमानिक हवाईछत्रीनें वांचला. पहिली, जिचा क्रमांक डब्ल्यू ४०४१, ती लंडनच्या सायन्स म्यूझियममध्यें ठेविली आहे. कागदाखेरीज या प्रकरणाची सर्वांत बोलकी साक्ष तीच.

(४) मीटिओर : विमान तयार, इंजिन नाहीं

एका इंजिनाचा रेटा त्या वेळीं अपुरा होता. म्हणून कार्टरनें दोन इंजिनांच्या लढाऊ विमानाची योजना केली, आणि एफ. ९/४० या मागणीखालीं ७ फेब्रुवारी १९४१ रोजीं, म्हणजे पहिल्या प्रयोगविमानाच्या उड्डाणापूर्वींच, बारा नमुन्यांची मागणी झाली. प्रत्यक्षांत आठ झाले. याच विमानास पुढें मीटिओर नांव मिळालें. आधीं ठरलेलें थंडरबोल्ट हें नांव एका अमेरिकन विमानानें घेतलेलें असल्यानें सोडावें लागलें.

डब्ल्यू. २ बी. हें त्याचें इंजिन बनविण्याचें काम रोव्हर कंपनीकडे दिलें होतें. तेथें तंटा उपस्थित झाला. आराखडा आपला, बदल आपल्या संमतीनेंच व्हावा, असें व्हिटलचें म्हणणें. माल आपण काढणार, सुधारणा करण्याचा अधिकार आपला, असें रोव्हरचें. दोन्ही पक्षांजवळ कारणें होतीं. रोव्हरकडील एड्रियन लोंबार्ड यानें केलेला सरळ प्रवाहाचा आराखडा पुढें उत्कृष्ट ठरला. पण त्या वेळीं त्यानें कलह वाढला. परिणाम असा कीं, जुलै १९४२ मध्यें पहिला नमुना जमिनीवर धांवण्यास तयार असतां उड्डाणयोग्य इंजिनें नव्हतीं. अखेर ५ मार्च १९४३ रोजीं मायकेल डॉन्ट यानें क्रॅनवेल येथें मीटिओर प्रथम उडविलें, तें व्हिटलच्या नव्हे, तर डी हॅव्हिलंडकडील फ्रँक हॅलफर्ड याच्या एच. १ या इंजिनांवर. डब्ल्यू. २ बी. इंजिनांवर मीटिओर उडण्यास १२ जून १९४३ उजाडला.

या दोन मित्यांवरून काळाचा खरा अपव्यय कोठें झाला हें कळतें. आख्यायिकेंत १९३५ ची पांच पौंडांची फी पुढें येते. कागद १९४१-४२ च्या तंट्याकडे बोट दाखवितात. १९४२ च्या अखेरीस तडजोड होऊन रोव्हरनें जेटचें काम रोल्स-रॉइसला दिलें व मोबदल्यांत रणगाड्याच्या इंजिनाचें काम घेतलें. रोल्स-रॉइसकडे अर्नेस्ट हाइव्हज व स्टॅन्ली हूकर हे होते. त्यानंतर काम झपाट्यानें चाललें.

१२ जुलै १९४४ रोजीं ६१६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला पहिलीं मीटिओर विमानें मिळालीं, व २७ जुलै रोजीं मॅन्स्टनहून पहिली युद्धफेरी झाली. ४ ऑगस्ट रोजीं डीन नांवाच्या वैमानिकानें जर्मनांचा व्ही-१ हा उडता बाँब गांठला. तोफा अडकल्या, तेव्हां त्यानें आपल्या पंखाचें टोक बाँबच्या पंखाखालीं नेऊन तो उलथून पाडला. त्याच दिवशीं दुसऱ्या वैमानिकानें एक बाँब तोफांनीं पाडला. फेब्रुवारी १९४५ मध्यें कांहीं मीटिओर बेल्जममध्यें गेलीं. पण जर्मन जेट विमानाशीं त्यांची गांठ कधींच पडली नाहीं. युद्धानंतर ७ नोव्हेंबर १९४५ रोजीं एच. जे. विल्सन यानें मीटिओरवर ताशीं ६०६ मैल व ७ सप्टेंबर १९४६ रोजीं ई. एम. डोनल्डसन यानें ताशीं ६१६ मैल वेग गांठून जागतिक विक्रम केले.

(५) व्हँपायर

हॅलफर्डच्या एका इंजिनावर चालणारें डी हॅव्हिलंडचें विमान २० सप्टेंबर १९४३ रोजीं हॅटफील्ड येथें धाकटा जेफ्री डी हॅव्हिलंड यानें उडविलें. त्याचें शेंपूट दोन दांड्यांवर असे. त्यामुळें झोताची नळी आंखूड ठेवितां येई व रेटा वायां जात नसे. धडाचा पुढचा भाग लांकडाचा, प्लायवुड व बाल्सा यांच्या थरांचा होता. जेटच्या युगांत लांकूड पाहून नवल वाटेल, पण त्या कंपनीचा मॉस्किटो विमानाचा अनुभव ताजा होता. व्हँपायर युद्धांत उतरलें नाहीं. तें १९४६ सालीं सेवेंत आलें. तथापि ३ डिसेंबर १९४५ रोजीं एरिक ब्राउन यानें तें ओशन या नौकेवर उतरविलें. शुद्ध जेट विमान विमानवाहू नौकेवर उतरण्याचा तो पहिला प्रसंग.

(६) नांवें व खुणा यांचा उलगडा

या काळचे कागद हातीं आले असतां नांवांचा घोळ फार होतो. एकाच सरदारास पदवी, उपनांव व गांव यांवरून तीन नांवें असावीं तसा हा प्रकार आहे. कांहीं कळा येथें देतों.

ई. २८/३९ यांत ई म्हणजे प्रयोगासाठीं, २८ हा मागणीचा अनुक्रम व ३९ हें साल. एफ म्हणजे लढाऊ. म्हणून एफ. ९/४० म्हणजे १९४० सालची नववी मागणी, लढाऊ विमानाची. व्हँपायरची मागणी ई. ६/४१, म्हणजे तें मूळांत प्रयोग म्हणून निघालें होतें. विमानाच्या क्रमांकामागें तिरक्या रेघेनंतर जी हें अक्षर असेल, तर त्या विमानावर अहोरात्र पहारा ठेवावयाचा असे समजावें. हें अक्षर दिसलें कीं तें विमान गुप्त यादींतलें.

इंजिनांचीं नांवें याहून फसवीं आहेत. डब्ल्यू. २ बी. हेंच रोल्स-रॉइसकडे गेल्यावर वेलंड झालें. लोंबार्डच्या आराखड्यावरून डर्वेंट निघालें, व त्यानंतरचें मोठें तें नीन. तिन्ही इंग्लंडांतील नद्यांचीं नांवें. झोताचें इंजिन अखंड वाहतें म्हणून ही योजना. हॅलफर्डच्या एच. १ यास पुढें गॉब्लिन म्हणूं लागले. सर्वांत मोठा सांपळा मीटिओर या शब्दाचा. रोव्हरनें मोबदल्यांत घेतलेल्या रणगाड्याच्या इंजिनाचें नांवहि मीटिओरच होतें! १९४३ सालच्या पत्रांत नुसतें मीटिओर आलें, तर विमान कीं रणगाडा हें संदर्भावरूनच ठरवावें लागतें. व्हँपायरचें आरंभींचें नांव स्पायडर क्रॅब असें होतें.

मितिनिर्णयास आणखी एक आधार आहे. जेट विमानांची बातमी इंग्लंड व अमेरिका यांनीं संयुक्तपणें जानेवारी १९४४ मध्यें जाहीर केली. त्यापूर्वींच्या म्हणविणाऱ्या ब्रिटिश वृत्तपत्राच्या कात्रणांत या विमानांचें उघड वर्णन आढळल्यास त्या कात्रणाची मिति तपासून घ्यावी. व्हिटलचें स्वतःचें कथनहि दोन थरांचें आहे : एक ऑक्टोबर १९४५ मध्यें यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढें दिलेलें व्याख्यान, दुसरें १९५३ सालचें आत्मकथन. दोहोंचें मोल मोठें. पण दोन्ही मागाहून लिहिलेलीं, आणि तंट्यांतल्या एका पक्षाचीं.

(७) पहिलें कोणाचें?

आतां पहिल्या प्रश्नाकडे वळूं. कल्पनेचें पेटंट म्हणाल तर व्हिटलचें १९३० चें. उड्डाण म्हणाल तर जर्मनांचें : हान्स फॉन ओहाइन याच्या इंजिनावरील हाइंकेल १७८ हें विमान २७ ऑगस्ट १९३९ रोजीं उडालें, म्हणजे क्रॅनवेलच्या उड्डाणापूर्वीं वीस महिन्यांहून अधिक काळ. इटलीचें काप्रोनी-कांपीनी हें २७ ऑगस्ट १९४० रोजीं उडालें. पण त्यांत हवा दाबण्याचें काम दट्ट्यांचें इंजिन करी, म्हणून तें टर्बाइनच्या मालिकेंत बसत नाहीं. मेसरश्मिट २६२ हें जेट इंजिनांवर १८ जुलै १९४२ रोजीं उडालें, म्हणजे मीटिओरच्या आधीं. दोस्त राष्ट्रांकडून प्रत्यक्ष लढाईंत उतरलेलें पहिलें जेट मात्र मीटिओर. पहिलें हा शब्द विशेषणावांचून वापरला कीं तंटा माजतो. विशेषण लाविलें कीं बहुतेक तंटे मिटतात.

(८) पुढील परिणाम

व्हिटलचें डब्ल्यू. १ एक्स. हें इंजिन ऑक्टोबर १९४१ मध्यें अमेरिकेंत नेलें, व त्यावरून तेथील पहिलें जेट विमान ऑक्टोबर १९४२ मध्यें उडालें. लॉकहीडचें पहिलें जेट ८ जानेवारी १९४४ रोजीं हॅलफर्डच्या इंजिनावर उडालें. युद्धानंतर ब्रिटिश सरकारच्या संमतीनें नीन व डर्वेंट इंजिनें रशियास विकलीं गेलीं. नीन इंजिनावर ३० डिसेंबर १९४७ रोजीं मिग-१५ उडालें, आणि १९५१ सालीं कोरियांत ऑस्ट्रेलियन मीटिओर विमानांची त्याशींच गांठ पडली. एकाच कारखान्याच्या वंशांतलीं इंजिनें परस्परांविरुद्ध लढलीं.

आपल्या देशाचा या हकीकतीशीं संबंध व्हँपायरद्वारें येतो. नोव्हेंबर १९४८ मध्यें भारतीय विमानदलास पहिलीं व्हँपायर विमानें मिळालीं व पुढें बंगलोरच्या हिंदुस्थान कारखान्यांत तीं परवान्यानें तयार होऊं लागलीं. आशियांतलें पहिलें जेट असा त्यांचा उल्लेख केला जातो. पण जपानचें किक्का हें ७ ऑगस्ट १९४५ रोजीं उडालें होतें, तेव्हां येथेंहि विशेषण लावणें प्राप्त आहे. १ सप्टेंबर १९६५ रोजीं छांब येथें या जुन्या विमानांस अधिक नव्या शत्रुविमानांपुढें उतरावें लागलें व चार विमानें गेलीं. बावीस वर्षांपूर्वींच्या आराखड्याची मर्यादा त्या दिवशीं वैमानिकांच्या प्राणांनिशीं उघड झाली.

व्हिटलची पॉवर जेट्स कंपनी १९४४ सालीं सरकारनें आपल्या ताब्यांत घेतली. जानेवारी १९४६ मध्यें त्यानें राजीनामा दिला. १९४८ सालीं त्यास एक लाख पौंडांचें पारितोषिक व सर ही पदवी मिळाली. ऑगस्ट १९९६ मध्यें अमेरिकेंत त्याचें देहावसान झालें.

आपल्याकडे विमानदलांत व विमानांच्या कारखान्यांत नोकरी केलेल्या गृहस्थांच्या घरीं त्या काळच्या उड्डाणनोंदवह्या, यंत्रांच्या माहितीपुस्तिका, छायाचित्रें असण्याचा संभव आहे. त्यांवरील क्रमांक व मित्या वरील कळांच्या साहाय्यानें लावितां येतील. असे कागद रद्दींत जाण्यापूर्वीं संग्राहकांनीं ते मिळवावे व त्यांची यादी करून ठेवावी, अशी विनंति आहे.